दीपावलीतील खेळणीदान : दया की ऋणमोचन?

दीपावली आली की घराघरांतून फराळाचा दरवळ सुटतो, अंगणात मुलांचे किल्ले उभे राहतात आणि बुरुजांवर मातीचे मावळे पहाऱ्यास बसतात. ह्या परिचित चित्रात गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रथेची भर पडली आहे. शहरांतील गृहनिर्माण संस्था, कचेऱ्या, शाळा आणि उत्सव मंडळे सणाच्या सुमारास दाराशी एक मोठे खोके ठेवतात आणि गरजू कुटुंबांतील मुलांकरिता त्यात खेळणी टाकावीत, असे आवाहन करतात. चार दिवसांत खोके भरते, एखाद्या संस्थेची गाडी येते आणि खेळणी कुठल्याशा वस्तीकडे रवाना होतात. पंढरीसारख्या क्षेत्रातही आता हे लोण पोहोचले आहे. कीर्तन आटोपल्यावर श्रोते आम्हांस विचारतात, “महाराज, अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान ही आम्ही ऐकली आहेत, पण खेळण्याचे दान शास्त्रात बसते काय?”

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तराशी पुष्कळ गोष्टी जडलेल्या आहेत. म्हणून सणाच्या ह्या पानावर त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम सांप्रतची स्थिती पाहू. ही कल्पना परदेशात जुनी आहे. १९४७ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे मरीन दलाच्या राखीव तुकडीतील मेजर बिल हेंड्रिक्स यांच्या पत्नीने एक कापडी बाहुली शिवली आणि नाताळात ती एखाद्या गरीब मुलास पोहोचवावी, असे पतीस सांगितले. असे काम करणारी संस्था हेंड्रिक्स यांना सापडेना. तेव्हा ती तुम्हीच काढा, असे पत्नीने सुचविले. त्या वर्षी पाच हजार खेळणी गोळा झाली. पुढच्याच वर्षी ‘टॉइज फॉर टॉट्स’ ह्या नावाने तो उपक्रम त्या देशभर पसरला आणि आजही चालू आहे. आपल्याकडे मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या ‘टॉय बँक’ ह्या संस्थेने एकेका मुलास एकेक वस्तू देण्याऐवजी शाळांतून खेळाची केंद्रे उभी करण्याचा मार्ग धरला. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान भोपाळच्या रस्त्यांवर हातगाडी घेऊन निघाले आणि त्यांनी अंगणवाड्यांकरिता लोकांकडून खेळणी मागितली. अंगणवाड्यांची योजना आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात पोषणाबरोबर शालापूर्व शिक्षण आहे, आणि त्या वयाचे शिक्षण म्हणजे मुख्यत्वे खेळच होय.

तेव्हा प्रथा रुजते आहे, हे नि:संशय. आता ती कशी रुजावी, हा प्रश्न आहे.

शास्त्राचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दान सोन्याचे की धान्याचे, मोठे की लहान, ह्यावर ही विभागणी केलेली नाही. देणाऱ्याचा भाव, योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र ह्यांवर ती केलेली आहे. आणि तामस दानाचे लक्षण सांगताना भगवंत ज्या दोन दोषांवर बोट ठेवतात, ते आहेत घेणाऱ्याचा अनादर आणि त्याच्याविषयीची तुच्छता. म्हणजे वस्तू चांगली असली तरी देताना समोरच्याचा मान राखला नाही, तर ते दान तामस ठरते. खेळण्याचे दान शास्त्रात अवश्य बसते. परंतु ते ह्या तिहींपैकी कोणत्या घरात बसते, हे देणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून राहते.

हे आम्ही ग्रंथांत शिकलो होतो. पण आम्हांस ते खरे उमगले ते एका चुकीने. ती चूक आमचीच होती, म्हणून सांगण्यास संकोच नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या कीर्तनमालेत आम्ही श्रोत्यांना खेळण्यांसाठी विनंती केली. पंढरपूरच्या आसमंतात साखर कारखाने आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाडासह येतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत शिवारात कोप्या घालून राहतात. त्या वर्षी धुराडी दिवाळीपूर्वीच पेटली होती. कोप्यांतील मुलांना सणाला खेळणी द्यावीत, असे आमच्या मनात आले. लोकांनी उदार अंत:करणाने तीन पोती भरून दिली. ती न उघडताच आम्ही टेंपोत घातली आणि टाळ्यांच्या गजरात नदीपलीकडच्या तळावर पोहोचलो.

वेळ दुपारची होती. आयाबाप फडात होते. तळावर होती ती मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या दोन वृद्धा. आम्ही मुलांना रांगेत बसविले. सोबतच्या तरुणांनी छायाचित्रे घेतली. पोती उघडली आणि रांग क्षणात मोडली. दांडग्या मुलांनी दोन दोन वस्तू उचलल्या, धाकटी रडू लागली. पोत्यांतून निघाल्या त्या चाके नसलेल्या मोटारी, अर्धे तुकडे हरवलेली कोडी, आणि ज्यांतील सेल गळून हिरवट झाले होते अशी यंत्रे. तरीही आम्ही हात जोडून, प्रसन्न मनाने परतलो. आपण सत्कर्म केले, असे आम्हांस वाटत होते.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला एक बाई आमच्या दाराशी आली. कमरेला कोयता तसाच होता. तिच्या हातात एक बाहुली होती. ती म्हणाली, “महाराज, राग नका धरू. हिला एकच डोळा हाय. लेकरू रातभर इचारत होतं, हिचा डोळा कुणी काढला म्हणून. म्या काय सांगू?”

आम्ही निरुत्तर झालो. चाळीस वर्षे व्यासपीठावर उभे राहून बोलणाऱ्या माणसाला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. बाहुली ठेवून ती निघून गेली. त्या रात्री आम्ही कठोपनिषद उघडले. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व देण्याचा संकल्प केला होता, आणि दक्षिणा म्हणून न्यावयास आणल्या त्या म्हाताऱ्या, भाकड गाई. लहानग्या नचिकेत्याच्या मनात श्रद्धेने प्रवेश केला तो नेमक्या त्या क्षणी. असल्या गाई देणाऱ्याला कोणता लोक मिळणार, असे त्याच्या मनात आले. म्हणूनच त्याने पित्यास विचारले की, मला तुम्ही कुणाला देणार? ह्या कथेवर आम्ही कितीतरी वेळा निरूपण केले होते. आता मात्र आमच्या लक्षात आले की, वाजश्रवस दुसरा कुणी नव्हता. तो आम्हीच होतो. आणि नचिकेता कोपीत बसून एकाच डोळ्याच्या बाहुलीकडे पाहत होता.

आपण देवाला निर्माल्य पुन्हा वाहत नाही. हुंगलेले फूल पूजेला चालत नाही, हे घरातील लहान मुलासही ठाऊक असते. मग ज्या लेकरात आपण बालकृष्ण पाहतो, असे म्हणतो, त्याच्या हाती मोडकी वस्तू कशी ठेवतो? ह्याचे कारण असे की, दिवाळीपूर्वी आपण घर झाडतो आणि नको असलेले बाहेर काढतो. तेच ‘दान’ ह्या नावाने दाराबाहेर गेले की अडगळही जाते आणि पुण्यही पदरी पडते, असा सोयीचा हिशेब मनात होतो. हा हिशेब खोटा आहे. घर रिकामे करणे निराळे आणि दान करणे निराळे.

अमेरिकेतील ज्या उपक्रमाचा वर उल्लेख केला, त्याचा इतिहास ह्या दृष्टीने बोलका आहे. पहिली तीन दशके तेथे वापरलेली खेळणी घेतली जात आणि राखीव दलाचे सैनिक ती दुरुस्त करून, रंगवून मुलांपर्यंत पोहोचवीत. १९८० पासून मात्र केवळ नवीच खेळणी स्वीकारण्याचा नियम झाला. सैनिकांना दुरुस्तीस वेळ उरेना, जुन्या वस्तूंतून इजा होण्याची भीती होती, ही कारणे होतीच. परंतु आणखी एक कारण असे की, मुलास धीर देण्यासाठी नेलेली भेट जर दुसऱ्याने टाकलेली असेल, तर ती धीर न देता त्याच्या हीनपणाची जाणीव देते. वाजश्रवसाच्या पुत्राने जे ओळखले, तेच सातासमुद्रांपलीकडील लोकांनी तेहतीस वर्षांच्या अनुभवाने ओळखले.

ह्याचा अर्थ वापरलेले खेळणे देऊच नये, असा आम्ही करीत नाही. स्वच्छ धुतलेले, नीट सांधलेले, सर्व भाग जागेवर असलेले खेळणे अवश्य द्यावे. कसोटी एकच असावी : ही वस्तू पाडव्याच्या सकाळी आपण आपल्या स्वत:च्या नातवाच्या हाती ‘भेट’ म्हणून देऊ काय? उत्तर ‘होय’ असेल तर ती दानास योग्य आहे. ‘नाही’ असेल तर तिची जागा भंगारात आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते ती पहिलीहून महत्त्वाची आहे. खेळणे मुलाला कुणाच्या हातून मिळावे?

येथे आम्हांस शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे स्मरण होते. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी घरांना परिचित आहे. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती गाडी तिच्या मालकाने परत नेली. दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली, पण त्याचे रडे थांबेना. सहाव्या अंकात वसंतसेना त्याला पाहते. ही तुझी आईच, असे दासी सांगते तेव्हा मूल विचारते की, आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? त्या निरागस प्रश्नाने वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी येते. ती अंगावरील अलंकार उतरविते आणि सोन्याच्या गाडीसाठी ते मातीच्या गाडीत भरते. प्रथम तिने आपले वैभव उतरविले; आई होऊन मग दिले. दान देताना दात्याने काय उतरवून ठेवावे, हे ह्याहून सुंदर रीतीने संस्कृत वाङ्मयात क्वचितच सांगितले असेल.

परंतु त्याच नाटकाचा पुढचा भाग आपण विसरतो. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ येतो तेव्हा हेच अलंकार परत करावयास निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. प्रेमाने दिलेली भेटही, घरच्या कर्त्या माणसाला न विचारता मुलाच्या हाती पडली, तर त्या घरावर संकट होऊ शकते. आमच्या तळावरही लहान प्रमाणात तेच घडले होते. फडातून थकून आलेल्या बापाने पाहिले की, कुणी परका येऊन आपल्या मुलाला आपण देऊ न शकलेली वस्तू देऊन गेला आहे. त्या बापाच्या मनात काय आले असेल, ह्याचा विचार आम्ही केला नव्हता. ज्या छायाचित्रांत आमचे हसरे चेहरे होते, त्यांत त्याच्या घराचा मान कुठेच नव्हता.

पुढील वर्षी आम्ही रीत बदलली. तळावर दिवेलागणीनंतर गेलो. छायाचित्र घेण्याची मनाई केली. चादर अंथरून तिच्यावर खेळणी मांडली आणि मुलांना नव्हे, त्यांच्या आयांना बोलाविले. प्रत्येकीने आपल्या लेकराच्या वयाचे, आवडीचे एक एक खेळणे स्वत: निवडले, पदराखाली झाकून नेले आणि सणाच्या सकाळी आपल्या हाताने दिले. ते खेळणे कुठून आले, हे मुलांना कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते. मुलांच्या दृष्टीने आईने दिवाळीला खेळणे आणले होते. त्या रात्री एक बाई जाताना थांबली आणि उसाच्या वाढ्यांची एक मोठी पेंढी आमच्या टेंपोत ठेवून म्हणाली, “गाईला न्या, महाराज. मोकळ्या हातानं नेणं बरं न्हाई.” ती पेंढी आम्ही नाकारली नाही. नाकारली असती तर आमचे दान पुन्हा तामस झाले असते.

‘गूंज’ ही संस्था १९९९ पासून शहरांतील वापरलेले कपडे आणि वस्तू खेड्यांकडे नेण्याचे काम करते. घेणाऱ्याने आपल्या गावासाठी एखादा रस्ता, विहीर, बांध असे काम करावे आणि त्या श्रमाचा मान म्हणून वस्तू घ्यावी, असे तिचे तत्त्व आहे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाढ्यांची पेंढी देणाऱ्या त्या माउलीला हे तत्त्व कुणी शिकविले नव्हते.

ह्यावर काही विचारी मंडळी आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की, जिथे अन्न, निवारा आणि शिक्षण ह्यांची वाण आहे, तिथे खेळणे ही चैन होय. आम्हांस हे मान्य नाही. आपला देव सुद्धा खेळतो. बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत परमेश्वराच्या सृष्टिनिर्मितीला लीलेची उपमा दिली आहे आणि गोकुळातील त्याचे बालपण तर सारे खेळातच गेले. आधुनिक जगानेही हे मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारातील एकतिसाव्या कलमात खेळणे हा मुलाचा हक्क म्हटला आहे आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला आहे. कोपीतील मुले खेळण्यावाचून बसलेली नसतात, हेही आम्ही पाहिले आहे. उसाच्या चिपाडांची बैलगाडी ती इतकी हुबेहूब करतात की, पाहत राहावे. त्यांना खेळ शिकवावयास आपण जात नाही. त्यांच्या खेळात भर घालावयास जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळण्याने मूळ प्रश्न सुटतो काय? नाही, सुटत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि ती फेडता फेडता पुढचा हंगाम येतो. मुले गावी राहिली तर आईबापांना दुरावतात आणि सोबत आली तर शाळेला दुरावतात. हा प्रश्न मजुरीचा, शाळेचा, वसतिगृहाचा आणि शासनाच्या कर्तव्याचा आहे. साखरशाळा निघाल्या, शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तरीही हंगामात तळांवर हिंडणारी मुले अजून दिसतात. ज्याने खेळणे दिले, त्याने ह्या प्रश्नाकडे पाठ फिरविण्याचा परवाना मिळविला, असे नाही. उलट, ज्या घराशी आपण सणाची भेट देऊन नाते जोडले, त्या घरातील मूल जूनमध्ये शाळेत आहे की नाही, हे विचारण्याचे दायित्व आपल्यावर येते.

आणि येथेच ह्या विवेचनाचे मर्म आहे. आपल्या फराळाच्या ताटाकडे पाहा. लाडू, करंजी, शंकरपाळे, चिरोटे. ह्या प्रत्येकात साखर आहे. ती साखर गेल्या हंगामात कुणाच्या तरी कोयत्याखालून आली. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधणाऱ्या आईचे मूल फडाच्या बांधावर पाचटात झोपले होते, तेव्हा ती आली. शतपथब्राह्मणात मनुष्य जन्मत:च चार ऋणे घेऊन येतो, असे सांगितले आहे : देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि मनुष्यांचे. पहिली तीन आपण पूजा, अध्ययन आणि श्राद्ध यांच्या रूपाने आठवतो. चौथे मात्र विसरतो. ऊसतोड करणाऱ्याच्या मुलास दिलेले खेळणे ही दया नव्हे. त्या चौथ्या ऋणाचा तो अत्यल्प हप्ता आहे. ऋणको कधी धनकोचे छायाचित्र काढून मिरवीत नाही. हा भाव मनात स्थिर झाला की देण्याची रीत आपोआप सुधारते.

कुटुंबांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. घरातील मुलांनाच ह्या कामात घ्यावे. त्यांनी आपल्या आवडीचे एक खेळणे स्वत: निवडून द्यावे. त्यांच्यावर सक्ती करू नये, कारण हिसकावून घेतलेले दान राजसही ठरत नाही. तळावर वीज असेलच असे नाही. म्हणून चेंडू, भोवरा, दोरी, कापडी बाहुली, लाकडी भातुकली, पाटी आणि रंगीत खडू अशा गोष्टी उत्तम. तीन वर्षांच्या आतील मुलास गिळता येतील असे बारीक तुकडे आणि बटणासारखे सेल असलेली वस्तू कदापि देऊ नये. नवे खेळणे घेताना त्यावर मानकचिन्ह आहे ना, ते पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते आपल्या देशात सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखी कारागिराच्या हातची वस्तू घेतली तर एका खर्चात दोन घरी दिवाळी होते. संस्थेकडे खेळणी सोपवावयाची असल्यास ती कुणाला, कशी पोहोचतात, हे आधी विचारावे. आणि शक्यतो मुलाच्या हाती न देता आईबापांच्या हाती द्यावे.

दीपावलीनंतर अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. पंढरीला येणारे भाविक मंडळी ज्या रस्त्यांनी येतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्या दिवसांत उसाच्या गाड्या आणि कोप्या दिसतात. ह्या वर्षी येताना पिशवीत बुक्क्याच्या पुडीशेजारी एखादे चांगले खेळणे असू द्यावे. वाटेत तळ दिसला तर तिन्हीसांजेला थांबावे, एखाद्या माउलीला हाक मारून ते तिच्या ओंजळीत द्यावे आणि नाव न सांगता पुढे निघावे.

ती एका डोळ्याची बाहुली अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे. पुढे आमच्या घरी तिला दुसरा डोळा शिवला गेला. पण तोवर ती टोळी गावी परतली होती. दर दिवाळीला खेळणी बांधावयास घेण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे एकदा पाहतो आणि मगच पोते उघडतो.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो आणि त्यांच्या हातून कुणाच्या तरी अंगणात एक दिवा, त्याचा मान राखून, लागो.